नावं ठेवणारा माणूस पाहिजे

वेबसाइटचं डिझाइन दाखवलं की पनवेलचा माणूस आधी मान डावीकडे कलती करतो. मग उजवीकडे. मग खुर्ची थोडी मागे सरकवतो, डोळे बारीक करतो आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या, स्वतःला काहीच विचारायचं नसलेल्या काकांसारखा "हं" म्हणतो. या "हं"नंतर काय येणार ते मला आता पाठ झालं आहे.

"ताई, सगळं बरोबर आहे. पण उठाव येत नाही."

उठाव! एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मी लग्नपत्रिकांची डिझाइनं करत होते तेव्हापासून हा शब्द माझ्या पाठीमागे लागला आहे. पत्रिका गेल्या, फलक आले, फलकांमागून वेबसाइटी आल्या, पण उठाव काही येत नाही. तो नक्की कसा दिसतो, हे मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाही. एका दातांच्या डॉक्टरांनी फक्त टेबलावरून तळहात हळूहळू वर उचलून दाखवला. "असा वर यायला हवा." मी गंभीर चेहऱ्याने दोन दिवस मागून घेतले. दोन दिवसांनी तेच डिझाइन, एक ठिपकाही न बदलता, पुन्हा दाखवलं. फक्त त्याआधी मॉनिटरचा उजेड वाढवून ठेवला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आता आला!"

हे पाप मी इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे. डॉक्टर आता निवृत्त आहेत, नाहीतर माझी दाढ त्यांच्याच हातात असती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वेबसाइट सजवणं म्हणजे रंगरंगोटी. तसं नाही. माझं काम नजरेला वाट दाखवण्याचं. पान उघडलं की डोळा आधी कुठे जाईल, तिथून कुठे वळेल आणि शेवटी अंगठा कुठे टेकेल, एवढंच मी ठरवते. बाकी सगळं त्याच्यासाठी. म्हणून मी मोकळी जागा सोडते, कारण गर्दीत नजर हरवते. आता हे पनवेलमध्ये समजावून सांगून बघा. सुकापूरच्या एका बिल्डरने माझ्या डिझाइनमधल्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून विचारलं होतं, "एवढी जागा रिकामी का?" मी म्हटलं, "डोळ्यांना विसावा." ते हळहळले. "ताई, इथे दोन विंग बसल्या असत्या." विमानतळ आल्यापासून आमच्याकडे मोकळी जागा कुणाला दिसतच नाही. दिसतो तो प्लॉट.

पण खरं सांगते, उठाववाले परवडले. ते निदान कुरकुरतात. माझं खरं नुकसान केलं ते गोड बोलणाऱ्यांनी, आणि त्यांच्यातही सगळ्यात गोड होते कासमचाचा.

कासमचाचांची बाजारात बेकरी होती. त्यांची नानकटाई जिभेवर ठेवली की बोलणं बंद व्हायचं. त्यांच्यासाठी मी जी वेबसाइट केली तिच्यावर मी स्वतःच फिदा होते. काळीभोर पार्श्वभूमी, तिच्यावर सोनेरी, केसासारखी बारीक अक्षरं. अत्तराच्या बाटलीवर शोभावीत अशी. मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि नाटकात पडदा बाजूला करतात तसा दुसरा हात फिरवला. चाचांनी कौतुकाने मान हलवली. "माशाअल्लाह. बहुत उमदा, बेटी." मी तरंगत घरी आले.

वर्षभराने नानकटाई घ्यायला गेले, तर चाचा एका गिऱ्हाइकाला फोन नंबर तोंडी सांगत होते, एकेक आकडा, दोन दोनदा. मी विचारलं, "चाचा, वेबसाइटवर आहे ना सगळं?" ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "बेटी, तुझी मेहनत दिसत होती, अक्षरं दिसत नव्हती. तू एवढ्या खुशीत होतीस, बोलायला जीभ वळली नाही."

मोतीबिंदू होता त्यांना. मी म्हटलं, आठवड्यात नवीन करून देते. त्यांनी माझ्या हातात पुडा ठेवला आणि म्हणाले, आता नको, लेकाकडे मस्कतला चाललोय, महिनाअखेर शटर खाली. त्या पुड्यातली नानकटाई मी खाल्ली, पण ती काही नीट उतरली नाही. चूक चाचांची नव्हती. माझा चेहराच शाबासकी मागत होता. त्या चेहऱ्यासमोर कुठला भला माणूस खरं बोलणार?

त्यानंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारणं बंद केलं. "कसं वाटलं"चं उत्तर "छान" असतं, आणि "छान"चं मी काय करू? त्याऐवजी विचारते, पहिल्यांदा काय दिसलं? मग काय करावंसं वाटलं? कुठे अडलात? "हे लाल करा" असं कुणी म्हणालं की विचारते, काय दिसत नाहीये म्हणून लाल हवंय? दुखतंय कुठे ते गिऱ्हाइकाने सांगावं, गोळी मी देईन.

दुसरी गोष्ट म्हणजे हिसकावणी. स्टँडबाहेरच्या रिक्षांच्या रांगेत जायचं, एखाद्या चालकासमोर मोबाइल धरायचा, मनात पाच मोजायचे आणि फोन हिसकावून घ्यायचा. "काय दिसलं?" पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बाई बिघडली. आता मी दिसले की रांगेतून आवाज येतो, "आली रे परीक्षा!"

तर अशी मी पूर्ण तयारीची, ठेच खाऊन शहाणी झालेली बाई. आणि तरीही जयवंती वहिनींच्या बाबतीत पहिल्या झटक्याला तोंडावर आपटले.

वहिनी शिरढोणच्या बाजूच्या एका गावातल्या. गोवा रस्त्याला लागून त्यांच्या घरचा गाळा आहे. त्यात वहिनी आणि गावातल्या आणखी तीन बायका मिळून हळदीला, साखरपुड्याला जेवणाच्या ऑर्डरी करायच्या. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सुकट, वालाचं बिरडं. भाकरी अशी की पापुद्र्यातून पलीकडचं दिसावं. पण ऑर्डरी यायच्या त्या गावातूनच, कधीमधी. आणि त्या गाळ्यावर वहिनींच्या धाकट्या दिराचा, हरेशचा, डोळा होता. त्याला तिथे टाइल्सचं शोरूम काढायचं होतं.

घरात वाद वाढला तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, निवाडा दिला. होळीपर्यंत गाळा वहिनींचा. तोवर तिथली चूल रोज पेटायला लागली तर तो त्यांचाच राहील. नाही पेटली तर टाइल्स.

वहिनी दिवाळीच्या आधी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, त्या नव्या बिल्डिंगींतल्या लोकांना आमचं जेवान म्हायतीच नाय. त्यांना दिसाला पायजे." मी म्हटलं, दाखवू. मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि टेबलावर फोटो मांडायला सुरुवात केली. आबा, सासूबाई, सरपंच, माजी सरपंच, दोन्ही मामा, हरेश, चुलत दीर प्रकाश, आणि उरलेली सगळी भावकी. पत्त्यांचा डाव मांडावा तसं टेबल भरलं.

"हे काय?"

"वर टाकाला. शुभेच्छुक."

आमच्या भागात घरात काही मंगल झालं की रस्त्यावर फलक लागतो, आणि फलकावर सगळ्या भावकीचे चेहरे लागतात. कोण वर, कोण खाली, कुणाचा गोल मोठा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोले चालतात. मी म्हटलं, "वहिनी, हा फलक नाही. इथे जेवण दिसलं पाहिजे." त्या म्हणाल्या, "तुमी पनवेलच्या. तुमाला नाय कलायचं. यातला एक काडला तरी मना घरात राहावाला नाय मिलायचं."

मी एकदा वाद घातला आणि मग गप्प बसले. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की आपणही आतून थोडे सुटतो, हे या धंद्यातलं लाजिरवाणं गुपित आहे. लाल पट्टी, पिवळी अक्षरं, बावीस चेहरे, त्यांच्या खाली भाकरी, तिच्याही खाली फोन नंबर. साइट सुरू झाली. गावाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. "लय भारी!" जो तो आपला चेहरा शोधायचा, तो सापडला की अंगठा टाकायचा.

फोन मात्र एकही नाही. दिवाळी गेली, तुळशीची लग्नं लागली, माणसांची लागायला सुरुवात झाली. गाळ्यातली चूल आठवड्यातून एकदा पेटायची. वहिनी रोज मला फोन करायच्या, "ताई, नंबर बरोबर टाकलाय ना?" नंबर बरोबर होता. मी रिक्षांच्या रांगेत गेले, साइट दाखवली, हिसकावली.

"काय दिसलं?"

"कोण उभा राहिलाय, ताई? कुठल्या पक्षातून?"

मी हे वहिनींना शब्दशः सांगितलं. त्या रडवेल्या झाल्या. "मना पन कलतंय हो. पन घरात कोन सांगनार? मी सांगितलं तर सून उलटली. तुमी सांगितलं तर भायेरची बाई." सल्ला अगदी बरोबर होता, पण तो द्यायला आम्ही दोघीही चुकीच्या तोंडाच्या. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आणि मग एक दिवस दुपारी माझ्या ऑफिसचं दार ढकलून गॉगल लावलेला हरेश आत आला. निमित्त शोरूमच्या फलकाचं. गाळा अजून मिळालेला नाही आणि फलकाचं माप घेऊन आला होता! बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग सहज विचारल्यासारखं करत म्हणाला, "वैनीचं काय चाललंय? नाय ना चालत?"

"नाही."

"चालनारच नाय." चेहऱ्यावर असं समाधान की नुकताच हळदीचं जेवून उठलाय.

माझ्या डोक्यात दिवा लागला. वहिनींवर माया असणारे सगळे "लय भारी" म्हणत होते. ती साइट पडावी असं मनापासून वाटणारा हा एकटाच माणूस. म्हणजे ती नीट, बारकाईने, पुन्हा पुन्हा बघणारा माणूसही हाच असणार. मी कोकम सरबत मागवलं. वही उघडली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं "मनातलं", उजवीकडे "कामाचं". आणि वकिलासारखी पुढे झुकले. "का नाही चालणार? पुराव्यानिशी सांगा."

हरेशभाऊ सुटले.

"पयली गोष्ट. पक्याचा फोटो माज्या फोटोपेक्षा मोठा का?"

मी डावीकडे लिहिलं.

"दुसरी. समजा, मना भूक लागली. मी हे उगडलं. काय दिसतंय? आबा. मंग मामा. मंग मी. मना बघून कोनाला भूक लागंल? सगली भावकी हाय, जेवान कुटं हाय?"

मी पेन उजवीकडे नेलं.

"तिसरी. फोन करावा म्हनलं तर खाली, खाली, खाली. अंगठा दुखला, नंबर नाय आला. चवथी. पिवली अक्षरं. मी रस्त्याला उन्हात उभा राहून बघितली, डोल्याला झापड. अन्‌ किती मानसांचं करतात, किती दिस आदी सांगायचं, ते कुटंच नाय. मानूस इचारील काय, अन्‌ कोनाला? सरपंचाला?"

तासभर बोलत होता. मधे दोनदा फोन वाजला, त्याने कापला. मोठाल्या शहरांत यासाठी खास माणसं बोलावतात म्हणे. माझ्या समोर हा बिनपगारी, सरबतावर.

"हे सगळं घरी सांगाल?" मी विचारलं.

"मी येडा हाय काय? माजं नुकसान."

मग मी थोडी नाटकी झाले. वही मिटली, सुस्कारा सोडला. "नाहीतरी जागा कमी पडतेय, एकेक फोटो लहान करावा लागणार. प्रकाशभाऊंचा तेवढा मोठा राहील, तो मूळचाच मोठा आहे."

हरेश सरळ बसला. "माजा अजून ल्हान?"

"काय करणार?"

त्याच्या मनात काय काय चाललं ते गॉगलमागूनही दिसत होतं. शेवटी टेबलावर हात आपटला. "माजा काडून टाका! पन मंग पक्याचा पन ठेवाचा नाय. कोनाचाच नको. मी सांगतो आबांना, घराची शोभा होते म्हनून."

आणि सांगितलं. त्याच संध्याकाळी. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "भावजींनीच काडाला लावले! आबा म्हनाले, बरोबर हाय, खान्याच्या पानावर माज्या मिशा कशाला?"

वहीतली उजवी बाजू मी ओळीने अमलात आणली. पहिल्यांदा एकच फोटो. तवा, तव्यावर टम्म फुगलेली भाकरी आणि तिच्याकडे जाणारे वहिनींचे बांगड्या भरलेले हात. वहिनी म्हणाल्या, तव्याला काजळी दिसते, घासून काढला असता. मी विचारलं, काजळीमुळे कुणी फोन करायचा थांबेल का? त्यांनी विचार केला. "नाय. उलट घरचं वाटंल." काजळी राहिली. खाली मोठ्या काळ्या अक्षरांत, किती माणसांचं आणि किती दिवस आधी. आणि फोनचं बटण जिथे अंगठा आपोआप पोचतो तिथे. भोवती भरपूर मोकळी जागा, दोन विंग बसतील एवढी.

रिक्षांच्या रांगेत गेले. दाखवली, हिसकावली. चालक माझ्याकडे रागाने बघायला लागला. "ताई, सकाळपासनं चहावर आहे मी. कशाला असलं दाखवताय?"

पहिला फोन सुकापूरच्या एका टॉवरमधून आला, डोहाळजेवणासाठी. त्या बाईंच्या पाहुण्यांकडून दुसरा. मग एक आख्खी हळद. संक्रांतीनंतर वहिनींनी मला रोज फोन करणं बंद केलं. त्यांना वेळच नव्हता. होळीच्या दोन दिवस आधी आबा काठी टेकत गाळ्यात गेले. चौघी जणी भाकऱ्या थापत होत्या, कुणी वर बघितलं नाही. आबा बाकावर बसले, मागून घेऊन भाकरी आणि सुकट खाल्लं, हात धुतले आणि दारात उभ्या हरेशला म्हणाले, "तू दुसरी जागा बघ."

दुसऱ्या दिवशी हरेश माझ्या ऑफिसात. गॉगल नव्हता.

"तुमी माज्याकडनंच काडून घेतलंत."

खरं होतं. चाचांनी मला वाईट वाटू नये म्हणून खरं लपवलं होतं, आणि मी याचं खरं त्याला न सांगता वापरलं होतं. मी म्हटलं, "हो. चुकलं माझं. पण तुमच्यासारखं नीट बघणारा माणूस मला एवढ्या वर्षांत भेटला नाही." तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "सरबत तरी मागवा."

त्याला जागा मिळाली, रस्त्याच्याच पलीकडच्या बाजूला, वहिनींच्या गाळ्यासमोर. शोरूम झालं आणि अर्थातच वेबसाइट माझ्याकडे. या वेळी मी आधीच विचारलं, "नावं कोण ठेवणार?" तो म्हणाला, "कोन म्हंजे? वैनी."

गेल्या महिन्यात दोघं एकत्र आले. वहिनींच्या हाताला पीठ तसंच होतं. मी जुनी वही काढली, नव्या पानावर मधोमध रेघ मारली. हरेशच्या हट्टाप्रमाणे पहिल्या पानावर चकचकीत भिंतीसमोर तो स्वतः उभा होता, गॉगल लावून, हाताची घडी घालून, पार पडदाभर. पक्याचा फोटो कुठेही नव्हता. वहिनींनी मोबाइल घेतला. मान डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सरळ बघितलं. मी मनात पाच मोजले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी लय झ्याक दिसतां."

हरेश फुलला.

"पन टाइल्स कुटं हायत?"

हरेशने फोटोकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. मग माझ्या वहीकडे झुकला आणि रेघेच्या पलीकडे बोट ठेवलं.

"लिवा ताई," तो म्हणाला. "उजवीकडं."